माझं चाक मी बसवते

दवाखान्यातून घरी आल्याच्या चौथ्या दिवशी मी सायकलच्या दुकानदाराला फोन केला. उजवा हात झोळीत अडकवलेला होता आणि हनुवटीला टाके होते, त्यामुळे तोंड नीट उघडत नव्हतं. तरी एकेक शब्द करून मी त्याला सांगितलं, की तुमच्याकडून घेतलेल्या सायकलचं पुढचं चाक दौलताबादच्या घाटात निसटलं, मी पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं.

"अरेरे," तो म्हणाला. "फार लागलं नाही ना?"

"हाड मोडलंय म्हणाले ना मी."

"हां, हां." मग जरा थांबून, अगदी मऊ आवाजात त्यानं विचारलं, "मॅडम, ते चाक तुम्ही रोज काढत होता ना?"

"हो."

"लावतही तुम्हीच होता?"

"हो."

"मग आता मी काय बोलणार, सांगा."

मी फोन ठेवला. चाक मी रोज काढत होते, रोज लावत होते, पडले त्या दिवशी सकाळीही मीच लावलं होतं. तो खोटं बोलला असता तर मी तिथल्या तिथं भांडले असते. तो खरं बोलला होता, म्हणून मला गप्प बसावं लागलं. आणि गप्प बसणं मला किती जड जातं, ते माझ्या घरच्यांना विचारावं.

मी देवगाव रंगारीची. धाकट्या भावासाठी घरात सायकल आली, ती त्याच्या आधी मी शिकले. खळ्यावर, दांडीच्या खालून पाय घालून, गुडघे फोडून घेत. मी दहावी झाल्यावर वडील म्हणाले, आता सायकलवर बसलेलं बरं दिसत नाही. मी म्हणाले, मला दिसत नाही, मी वर बसलेली असते. त्याबद्दल मार खाल्ला, पण सायकल सोडली नाही. ती सुटली लग्नानंतर, कुणी न सांगताच. औरंगाबादला आले, पाटीवर तेव्हा औरंगाबादच होतं, मुलींच्या एका शाळेत शिवणाची बाई म्हणून लागले, आणि पंचवीस वर्षं रिक्षा आणि सिटी बसमध्ये गेली. नवरा कोर्टात कारकून. मुलगी लग्न होऊन लांब गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला. चालले तर गुडघे सुजले. मग ते म्हणाले, सायकल चालवता येते का? त्या माणसाला कल्पना नव्हती, की आपण कुणाला काय विचारतोय.

सायकल घ्यायला मी एकटी गेले. जालना रोडच्या बाजूला एक काचेचं मोठं दुकान होतं. मालक चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, हसतमुख. त्यानं मला निळ्या रंगाची गिअरची सायकल दाखवली, डिस्क ब्रेकवाली. मी आधीच सांगितलं, की आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून सायकली जातात. वरच्या मजल्यावरच्या एकांची सीट गेली, एकांची अख्खी सायकल गेली. मला दुसऱ्या मजल्यावर सायकल उचलून नेणं जमायचं नाही.

"म्हणून तर ही घ्या," तो म्हणाला. "क्विक रिलीज आहे. पुढचं चाक काढायचं, घरी न्यायचं, बाकीची सायकल खांबाला साखळीनं बांधायची. एका चाकाची सायकल कोण नेतो?"

चाकाच्या मधोमध, एका बाजूला बोटाएवढा चपटा लिव्हर होता, दुसऱ्या बाजूला छोटा गोल नट. त्यानं लिव्हर धरला आणि नळाची तोटी फिरवावी तसा गरगर फिरवला. चाक खाली पडलं. पुन्हा खाचेत बसवलं आणि उलटा गरगर फिरवला. "हाताला घट्ट लागलं की झालं. पाना लागत नाही, मेकॅनिक लागत नाही." मग मलाही करायला लावलं. मी केलं. तो म्हणाला, "एकदम परफेक्ट."

मी रोज तसंच करत होते. शाळेतून आले की खाली चाक काढायचं, साडीच्या पदराला वंगण लागू नये म्हणून लांब धरून दोन जिने चढायचं, दाराशेजारी चपलांच्या रॅकला टेकवून ठेवायचं. शेजारणी हसायच्या. ह्यांनी तर कोर्टात सांगितलं होतं, की आमची बायको संध्याकाळी भाजी नाही, चाक घेऊन घरी येते.

दुसऱ्या आठवड्यात मात्र मी दुकानात परत गेले होते. चाक बाहेर येताना अडकायचं. लिव्हर सैल केला तरी खाचेच्या तोंडाशी काहीतरी आडवं येई, नट आणखी बरेच फेरे सोडावा लागे. मालकानं सायकल आत नेली आणि पाच-दहा मिनिटांत परत आणली. "आता बघा, लोण्यातून काढल्यासारखं निघेल." खरंच तसं निघायला लागलं. मी त्याचे आभार मानले होते. हे लिहिताना आजही राग येतो, तो त्याच्यावर की त्या आभारांवर, ते ठरवता येत नाही.

रविवारी सकाळी क्रांती चौकातून सायकलवाल्यांचा एक ग्रुप निघायचा. बहुतेक पुरुष, तीन-चार तरुण मुली, आणि मी. त्यांच्या म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणत. पंचेचाळीस-सेहेचाळीसचा, पिळदार पोटऱ्यांचा, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. तो मला आंटी म्हणायचा. माझ्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान असेल. मी म्हणायचे, बाई म्हणा, नाहीतर ताई म्हणा. तो हसायचा आणि आंटी म्हणायचा.

त्या रविवारी आम्ही खुलताबादला जाऊन परत येत होतो. घाट चढताना मी सगळ्यात मागं होते, उतरताना पुढं गेले. उताराची मला भीती कधीच नव्हती. एका वळणानंतर रस्ता उखडलेला होता. खड्डा दिसला, मी ब्रेक दाबला, पुढचं चाक खड्ड्याच्या कडेवर आपटून जरासं उडालं, आणि हँडल एकदम हातातून खाली गेलं. पुढचं दृश्य मला स्वच्छ आठवतं. माझं चाक माझ्यापुढं एकटंच रस्त्यानं पळत होतं. मी मनात म्हणाले, हे कुणाचं चाक? तेवढ्यात चाक धरून ठेवणारा सायकलचा पुढचा चिमटा डांबरात रुतला आणि मी हँडलवरून पलीकडं गेले.

रस्त्याच्या कडेला एक बाई सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. तीच सगळ्यात आधी धावत आली. तिनं माझी मान मांडीवर घेतली आणि स्वतःच्या पदरानं हनुवटी दाबून धरली. "उठू नको माय, हलू नको. कोणाची गं तू?" मी गावाचं नाव सांगितलं. "अगं बाई, देवगावची व्हय?" म्हणाली आणि रडायलाच लागली. जसं काही मी तिच्या घरातलीच होते. ग्रुपमधली माणसं पोचेपर्यंत तिनं कुणालातरी पाठवून माझं चाकही झाडीतून आणवलं होतं. दवाखान्याच्या गाडीत घालताना तिनं ते माझ्या पायाशी ठेवायला लावलं. "तिची वस्तू तिच्यासंगं जाऊ द्या," असं ती गाडीवाल्याला दटावून सांगत होती.

हाड जुळायला वेळ लागणार होता. पहिल्याच आठवड्यात कॅप्टननं मला ग्रुपमधून काढलं. मोबाइलवर निरोप आला, की तुमच्या काळजीपोटीच हा निर्णय घेतलाय, बाकीच्यांच्या सुरक्षेचाही विचार करावा लागतो, तुम्ही आता सकाळी बागेत फिरायला जावं. त्यानंतर गावाहून भाऊ आला. टेम्पो घेऊनच आला होता.

"आक्का, सायकल मी घेऊन जातो. भंगारात टाकतो नायतर कोणाला देऊन टाकतो. वय काय तुझं? लई झालं आता."

"सायकल इथंच राहील."

"कशाला? हार घालायला?"

"काय करायचं ते मी बघीन. तू चहा पी."

त्यानं ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "माझ्याकडं बघू नका. मी सत्तावीस वर्षं बघतोय." भाऊ चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. तो जिना उतरेपर्यंत मी ताठ बसून होते. नंतर मात्र रडले. भाऊ चुकीचं बोलत असता तर रडले नसते. चूक माझीच असणार, असं मलाही आतून वाटत होतं. पंचवीस वर्षं मी मुलींना शिकवलं होतं, की टाका उसवला तर कापडाला दोष देऊ नका, आपला हात बघा. मग माझा हात कुठं चुकला? मी लिव्हर ढिला ठेवला होता का? घाईत एखादा फेरा कमी पडला होता का? रात्रंदिवस मी ते चाक मनात काढत होते आणि लावत होते. प्रत्येक वेळी ते घट्टच होतं. हाताला जितकं घट्ट करता येतं, तितकं मी केलं होतं.

झोळी निघाली त्या दिवशी मी ह्यांना म्हणाले, "सायकल दाखवायला न्यायची आहे."

"दुकानात?"

"दुकानात नाही. शहागंजला."

शहागंजात एक म्हातारे मिस्त्री होते. ह्यांची जुनी काळी सायकल लग्नाच्या आधीपासून त्यांच्याकडंच जायची. दुकान म्हणजे एक ओटा, वर पत्रा, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले टायर. गिअरच्या सायकली ते हातात घेत नसत. आमची निळी सायकल बघून त्यांनी आधी मानच हलवली. "ये मेरे काम की चीज नै, बाई. ये नए लोगां का काम है."

मी म्हणाले, "दुरुस्त करायची नाही. मी का पडले तेवढं सांगा."

हे त्यांना पटलं. त्यांनी चष्मा पुसला, चाक मांडीवर आडवं घेतलं आणि लिव्हर खोलून बघायला लागले. लिव्हर बाहेर काढला, आतला लांब दांडा काढला, दोन्ही बाजूंच्या लहान स्प्रिंगा बोटावर घेऊन पाहिल्या, सगळं परत जोडलं. मग त्यांनी लिव्हर एकदा उघडला, एकदा मिटवला. फिरवला नाही. पेटीचा खटका उघडावा-मिटावा तसा. आणि माझ्याकडं बघितलं.

"बाई, तुम इसकू कैसा लगाते थे?"

मी डाव्या हातानं दाखवलं. गरगर, गरगर, घट्ट.

"हौ," ते म्हणाले. "बस, येईच है. ये घुमाने की चीज नै है. ये दबाने की चीज है."

त्यांनी माझं बोट धरून लिव्हरच्या मुळाशी लावलं. तिथला गोळा एका बाजूला फुगीर होता. लिव्हर मिटवला की तो फुगवटा आत सरकायचा आणि दोन्ही बाजूंनी चिमट्याला करकचून दाबायचा. नुसत्या हाताच्या पिळानं तेवढा दाब कधीच येणार नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख झालं. शिवणयंत्राच्या मागं कापड दाबणारा पाय वरखाली करायचा खटका असतो, तो असाच असतो. तोही फिरवायचा नसतो, मिटवायचा असतो. पंचवीस वर्षं दिवसातून शंभरदा मी तो खटका वापरला होता, आणि इथं तीच वस्तू नळासारखी पिळत बसले होते.

मिस्त्रींनी मला सगळं करायला लावलं. चाक खाचेत सरळ, दोन्ही बाजू पूर्ण आतपर्यंत. लिव्हर उघडा ठेवून समोरचा नट थोडा थोडा आवळायचा. मग लिव्हर मिटवत आणायचा. तो चाकातून सरळ बाहेर उभा राहतो, तिथंच हाताला जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे. आधी लागला तर नट फार घट्ट, नंतर लागला तर सैल. मग तळहाताच्या गादीनं दाबून पूर्ण मिटवायचा, चिमट्याच्या कडेला वर वळवून, कशात अडकणार नाही असा. पहिल्या वेळी माझ्या डाव्या हातानं तो मिटलाच नाही. दुसऱ्या वेळी मिटला. त्यांनी माझा तळहात उलटा करून बघितला. लिव्हरचा लाल वळ उमटला होता.

"ऐसा निशान आना. नै आया तो बैठना नक्को."

मग सायकल उचलून त्यांनी चाकाला वरून बुक्के मारले. चाक हललं नाही. निघताना त्यांची नजर चिमट्याच्या टोकांकडं गेली आणि ते परत खाली बसले. खाचेच्या तोंडाशी रंग गेला होता, उघडा धातू चमकत होता. त्यावर कानशीचे बारीक ओरखडे.

"ये किसने घिसा?"

तिथं कंपनीनं मुद्दाम उंचवटे ठेवलेले असतात, हे मला त्या दिवशी कळलं. लिव्हर चुकून सैल पडला तरी चाक सुटून न जाता त्या उंचवट्यांना अडून राहावं म्हणून. माझं चाक काढताना जे आडवं यायचं, ते हेच. आणि दुकानदारानं पाच-दहा मिनिटांत आत नेऊन तेच घासून टाकलं होतं. लोण्यातून काढल्यासारखं निघावं म्हणून.

मी तिथं ओट्यावरच बसून राहिले. माझा हात चुकला होता, पण तो मला जसा शिकवला तसाच चालला होता. आणि हात चुकला तरी जे मला वाचवणार होतं, ते आधीच काढून टाकलेलं होतं. मिस्त्रींनी पाणी आणून दिलं. पैसे विचारले तर हात जोडले.

ह्यांचा स्वभाव कोर्टातला. घरी येताना म्हणाले, "लेखी काही आहे का तुझ्याकडं? त्यानं घासलं याचा पुरावा?"

"पुरावा सायकलला आहे."

"तो म्हणेल, तुम्हीच घासलं."

"म्हणू दे. माझ्या तोंडावर म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सायकल घेऊन मी दुकानात गेले. हे बरोबर आले. मी बोलावलं नव्हतं. दुकानात एक जोडपं मुलीसाठी सायकल बघत होतं, दोन कॉलेजची मुलं हेल्मेट घालून आरशात बघत होती. मालकानं मला ओळखलं. "या मॅडम. बरं वाटतंय का आता?"

मी सायकल दाराशी टेकवली. रांगेत लावलेल्या पहिल्या सायकलपाशी बसले आणि पुढचा लिव्हर बघितला. तो न मिटवता उघडाच होता, नुसता पिळून घट्ट केलेला. मी चाक धरून हिसडा दिला. चाक खाचेत टकटक वाजलं. दुसरी सायकल, तशीच. तिसरी बरोबर होती. चौथी परत तशीच.

"मॅडम, हे काय चाललंय? दुकानात तमाशा नको."

"तमाशा घाटात झाला. इथं मी फक्त चाकं हलवतेय."

ते जोडपं जवळ आलं होतं. मी त्यांना लिव्हर मिटवून दाखवला, मुलीच्या आईचा हात धरून तिला मिटवायला लावला. मग माझी सायकल उलटी करून चिमट्याची टोकं मालकासमोर धरली. "हे कुणी घासलं?"

त्याचा चेहरा बदलला. पण तो हुशार होता. "तुम्हीच तक्रार केली होती, मॅडम. चाक लवकर निघत नाही म्हणून. तुमच्या सोयीसाठीच केलं."

"मी शिवणाची बाई आहे," मी म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणालं, ब्लाउज घालताना घट्ट होतो, तर मी त्याची शिवण उसवून देते का? ज्याला माहीत असतं, त्यानं सांगायचं असतं, की बाई, हे घट्ट यासाठी आहे. मला माहीत नव्हतं. तुम्हाला तरी होतं का?"

त्यानं घासलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि लिव्हरकडं बघत राहिला. मला तेव्हाच कळलं, की त्यालाही माहीत नव्हतं. इतक्या सायकली विकणाऱ्या माणसाला तो लिव्हर कसा मिटतो हे ठाऊक नव्हतं, आणि विचारायची त्याला लाज वाटली असणार. क्षणभर मला त्याची कीवही आली. ती फार टिकली नाही, कारण तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "नवा चिमटा बसवून देतो. आजच. फक्त बाहेर कुठं बोलू नका."

"चिमटा द्या," मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बोलणार तर मी आहेच."

ह्यांनी तेव्हा माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं असेल. चिमटा बसेपर्यंत दोन तास आम्ही तिथल्या स्टुलांवर बसून राहिलो. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी लिव्हर दाखवत होते. मालक काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला. नव्या चिमट्यात चाक त्याला बसवू दिलं नाही. मी बसवलं.

पुढच्या रविवारी मी क्रांती चौकात गेले. कॅप्टन स्वतःची सायकल टेकवून उभा होता. मला बघून त्यानं हात वर केले. "आंटी, आपलं ठरलं होतं ना. तुम्हाला ग्रुपमध्ये..."

"ग्रुप तुमचा आहे. रस्ता नाही. मी येणार. पण त्याआधी मला सगळ्यांची पुढची चाकं बघायची आहेत."

"काही गरज नाहीये, सगळे अनुभवी आहेत."

ग्रुपमध्ये एक तरुण डॉक्टरीण होती, मी पडले तेव्हा गाडीत माझ्याबरोबर बसून आलेली. ती पुढं झाली. "बाई, माझं बघा." मी वाकले. तिचा लिव्हर पिळलेला होता. चाक हलवलं, वाजलं. ती पांढरीफटक पडली. आठवडाभरापूर्वी ती त्याच घाटातून उतरली होती. मग दुसरा आला, तिसरा आला. काहींचे बरोबर होते, काहींचे माझ्यासारखे. प्रत्येकाला मी स्वतःच्या हातानं उघडायला, मिटवायला लावलं आणि तळहात दाखवायला सांगितलं. निघायला उशीर होत होता, पण कुणी कुरकुर केली नाही.

शेवटी कॅप्टन उरला. तो हसत बाजूला झाला आणि म्हणाला, "बघा. माझंही बघून घ्या."

त्याचा लिव्हर अगदी बरोबर होता. व्यवस्थित मिटलेला, वर वळवलेला, जोर लावल्याशिवाय उघडणार नाही असा.

"बघितलंत?" तो म्हणाला. "मला माहीत आहे हे. वर्षानुवर्षं."

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "दर रविवारी आमच्या पुढं उभं राहून तुम्ही हेल्मेटबद्दल बोलायचात, पाण्याबद्दल बोलायचात. मग हे एकदाही का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल."

"आणि मी पडल्यावर? तेव्हा काय वाटलं?"

त्यानं उगाचच हेल्मेटचा पट्टा आवळला. मग त्यानं खाली बघत म्हटलं, "वाटलं, बाईमाणूस आहे, घाबरून पुढचा ब्रेक दाबला असेल." त्या डॉक्टरणीनं त्याच्याकडं असं बघितलं, की मला आणखी काही बोलायची गरज पडली नाही. आम्ही निघालो. कुणी कुणाला यायची परवानगी विचारली नाही, दिलीही नाही.

घाटाच्या माथ्यावर मी थांबले. भीती वाटत नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. मोडलेल्या हाडाच्या जागी ठणका लागला होता, खाली वळण दिसत होतं. मी उतरले, लिव्हर उघडला, पुन्हा मिटवला, चाकाला बुक्के मारले. बाकीचे पुढं गेले. ज्या वळणावर पडले होते, तिथं खड्डा अजून तसाच होता. मी त्याच्या बाजूनं काढली सायकल, हळू, दोन्ही ब्रेकांवर. मग रस्ता सरळ झाला आणि मी ब्रेक सोडले. वारं कानात भरलं. मी ओरडले, काय ते आठवत नाही, पण एक बकऱ्यावाला दचकून वळला होता.

दुकानदारानं कधी कबूल केलं नाही. आजही विचाराल तर तो सांगेल, की मॅडमनी चाक नीट लावलं नव्हतं. पण त्याच्या दुकानातले लिव्हर आता मिटलेले असतात. मी अधूनमधून जाते आणि बघते. भाऊ अजून फोनवर विचारतो, "सोडली का गं?" मी पुढच्या रविवारी कुठं जाणार ते सांगते.

शाळेत मात्र नवीनच भांडण झालं. आठवीच्या मुलींना शिवणयंत्राचा खटका शिकवताना मी माझं चाक आणि दुकानातून परत आणलेला जुना चिमटा वर्गात नेला. यंत्रात आणि चाकात एकच गोष्ट कशी काम करते ते दाखवलं, आणि मग एकेकीला लिव्हर मिटवायला लावला. गलका झाला. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बाहेर बोलावलं.

"बाई, हे शिवणाच्या अभ्यासक्रमात कुठं आहे?"

"नाही आहे."

"मग याचे गुण कुठं धरायचे?"

"धरू नका," मी म्हणाले.

आत सव्वीस मुलींची पाळी यायची होती आणि तास संपायला वीस मिनिटं उरली होती. मी वर्गात परत गेले.